समुद्र येतो आणि जातो ते गाव

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतं. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड. रेवदंड्याला माझी आजी ओसरीवर बसून हे सांगायची आणि होड्या त्याप्रमाणे सुटायच्या. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमची शिडाची होडी फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सँ-मालो बंदरात शिरत होती. मनातल्या मनात मी आजीचा हिशोब केला आणि समोरच्या पाण्याकडे पाहिलं. चंद्र तोच, तिथी तीच. पण आपल्याकडे उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री येते, इथे ती सकाळी आणि संध्याकाळी. सूर्याच्या हिशोबाने जवळजवळ सहा तासांचा फरक. रेवदंड्याला भर दुपारी पाणी धक्क्याला लागलेलं असेल त्या तिथीला इथे दुपारी समुद्र गावाला सोडून दूर गेलेला असतो.

हे मर्चंट नेव्हीत होते. निवृत्तीनंतर आम्ही लेकीजवळ साउदॅम्प्टनला राहायला आलो, तिथे एक जुनी बत्तीस फुटी होडी घेतली, आणि तेव्हापासून उन्हाळा आला की आम्ही दोघं इंग्लिश खाडीत असतो. या खेपेला गर्न्सी बेटावर पौर्णिमा गाठली. संध्याकाळी धक्क्यावरून समुद्राला नारळ दिला आणि रात्री शीड उभारून दक्षिणेला निघालो. वाटेत जर्सीच्या खाली मिंकिए नावाचा खडकांचा प्रदेश लागतो. भरतीला त्यातले चार-दोन सुळके पाण्यावर दिसतात. ओहोटीला मैलोन्‌मैल खडक उघडा पडतो. रात्री त्याला लांबून वळसा घालताना हे एक शब्द बोलले नाहीत. नकाशावर जिथे समुद्राचा निळा रंग असायला हवा तिथे हिरवा आहे, म्हणजे दिवसातून दोनदा समुद्र आणि दोनदा जमीन. सँ-मालोच्या तोंडाशी तर नकाशा अशा हिरव्या ठिपक्यांनी भरून गेलेला असतो.

इथलं पाणी किती चढतं ते आकड्यांत सांगते. मुंबईला मोठ्या उधाणाला भरतीचं पाणी साडेचार-पाच मीटरांवर जातं आणि आपण समुद्रकिनारी जाऊ नका म्हणून बातम्या देतो. सँ-मालोला सर्वांत मोठ्या उधाणात भरती आणि ओहोटी यांच्यात तेरा मीटरांपर्यंत अंतर पडतं. आम्ही गेलो त्या दिवशी ते अकरा मीटरांच्या पुढे होतं. अटलांटिकमधून येणारी भरतीची लाट पश्चिमेकडून इंग्लिश खाडीत शिरते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे म्हणजे फ्रान्सच्या बाजूला रेटली जाते, आणि पुढे कोतांताँ नावाचं द्वीपकल्प उत्तरेला आडवं उभं असतं. पुढे जायला वाट नाही, मागून पाणी येतंच आहे, तळ उथळ होत चाललाय. मग ते वर चढतं. आणि चढण्याची गती सारखी नसते. खलाशी बारा भागांचा हिशोब करतात: सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे भाग चढतं. बारा मीटरांच्या उधाणाला तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन मीटर. मिनिटाला पाच सेंटिमीटर. पायरीवर बसून पाहिलं तर डोळ्यांदेखत पायरी नाहीशी होते.

फ्रेंचांनी भरतीच्या जोराला वीसपासून एकशे वीसपर्यंत आकडा दिलेला आहे. सत्तर म्हणजे मध्यम, पंचेचाळीसच्या आसपास आपण ज्याला भांगाचं पाणी म्हणतो ते, आणि पंच्याण्णवच्या वर उधाण. हा आकडा वर्तमानपत्रात छापतात, दुकानांच्या दारांवर लावतात, हॉटेलच्या पाटीवर खडूने लिहितात. त्या दिवशीचा आकडा शंभर होता. पाव विकणाऱ्या बाईंनी पिशवी हातात देताना तो आपणहून सांगितला. माझं फ्रेंच कामापुरतं आहे, पण तेवढं कळलं.

बंदरात शिरायला दार आहे. एवढं पाणी खालीवर होणाऱ्या ठिकाणी धक्क्याला होडी बांधून ठेवता येत नाही. सहा तासांनी ती दोरावर लोंबकळेल. म्हणून आतल्या गोदीत पाणी साठवून ठेवलंय आणि ते बाहेरच्या समुद्रापासून तोडायला लॉक आहे, म्हणजे पुढेमागे प्रचंड दरवाजे असलेली पाण्याची खोली. हे दरवाजे भरतीच्या आधी दोन-अडीच तास आणि नंतर तेवढेच, एवढ्याच वेळात होड्यांना घेतात. आम्ही साडेसहाला लॉकमध्ये शिरलो. वरून दोऱ्या आल्या, मागचा दरवाजा मिटला, पाणी हळूच वर आलं, पुढचा उघडला, पूल बाजूला फिरला, आणि आम्ही वोबाँच्या नावाच्या गोदीत जाऊन तटबंदीच्या अगदी पायथ्याशी दोर टाकले. वोबाँ हा चौदाव्या लुईचा किल्ले बांधणारा इंजिनिअर. मान वर केली तर ग्रॅनाइटची भिंत, तिच्यावर पाटीच्या दगडाची उतरती छपरं, मध्ये कॅथेड्रलचा सुळका. हे होडीतून उतरून धक्क्यावर उभे राहिले, दोराची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि म्हणाले, "अगं, आता हा दोर दिवसभर असाच राहील. बाहेर अकरा मीटर पाणी जाईल, येईल, इथे हातभरही हलणार नाही." चाळीस वर्षं बंदरं पाहिलेल्या माणसाच्या आवाजातलं ते कौतुक मला फार आवडलं.

ही गोदी नव्हती तेव्हा काय करत असतील? सँ-मालोची जहाजं ओहोटीला वाळूवर कलंडून पडायची. मालाने भरलेलं जहाज कोरड्या वाळूवर, राखणीला पाणी नाही. कुणीही चालत येऊन चोरी करावी. म्हणून बाराव्या शतकापासून या गावाने मोठाले कुत्रे पाळले. दिवसभर त्यांना कोंडून ठेवायचे, रात्री दहाला घंटा व्हायची, वेशीचे दरवाजे लागायचे आणि कुत्रे तटाबाहेरच्या वाळूवर मोकळे सुटायचे. पहाटे शिंग वाजलं की परत. घंटेनंतर बाहेर राहिलेल्या माणसाची धडगत नसे. १७७० साली एका तरुण नाविक अधिकाऱ्याला त्या कुत्र्यांनी फाडलं आणि मग गावाने सगळे कुत्रे मारून टाकले. सहाशे वर्षांची रीत एका रात्रीत संपली. मी तटावरून ती वाळूची जागा पाहत होते, आणि डोक्यात आलं, भरतीच्या वेळी समुद्र राखण करायचा, ओहोटीला ती पाळी कुत्र्यांची.

तटावरून गावाला पुरी प्रदक्षिणा घालता येते, पावणेदोन किलोमीटरांची. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला लोकांच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या. खिडकीतल्या कुंड्या, आत टेबलावर ठेवलेला चहाचा पेला, सगळं दिसतं. हे इतकं जुनं, एकसंध गाव पाहून कुणालाही वाटेल की सतराव्या शतकापासून इथे काही बदललंच नाही. ते खरं नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये, नॉर्मंडीत दोस्त फौजा उतरल्यावर, जर्मन सैन्य या भागात चिवटपणे लढलं; अमेरिकन तोफा आणि आगी यांत तटाच्या आतलं जवळपास ऐंशी टक्के गाव नष्ट झालं. तट मात्र उभा राहिला. नुसत्या तटाच्या आत दगडविटांचा ढीग असलेले त्या वेळचे फोटो पाहिले की पोटात कालवतं.

मग त्यांनी काय केलं? काँक्रीटचे ठोकळे उभारणं सोपं होतं, युरोपात बऱ्याच बंदरांनी तेच केलं. इथे लुई आरेच या वास्तुशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली गाव पुन्हा ग्रॅनाइटमध्ये उभं केलं गेलं: तीच उंची, तीच उतरती छपरं, तशीच उंच धुराडी, रस्ते तेवढे थोडे रुंद, घरांत उजेड जास्त. मुख्य काम १९६० च्या सुमारास संपलं, कॅथेड्रलचा सुळका १९७२ पर्यंत पुरा झाला. याला नक्कल म्हणणारे लोक आहेत. मला ते म्हणणं पटत नाही. ज्यांची घरं जळली त्यांनी आपलं गाव आठवणीतून परत मागितलं आणि पाथरवटांनी ते दगडात दिलं, यात नक्कल कसली? कॅथेड्रलमध्ये जमिनीवर एक खूण आहे: कॅनडाच्या दुसऱ्या सफरीला निघण्याआधी १५३५ साली झाक कार्तिए या जागी गुडघे टेकून बसला होता. सुळका कोसळला, आजूबाजूचं जग जळलं, ती जागा मात्र लोकांनी विसरू दिली नाही.

कार्तिए इथला. त्याने १५३४ साली इथूनच निघून सेंट लॉरेन्सच्या आखाताचा शोध घेतला. पण सँ-मालो ओळखलं जातं ते इथल्या कोर्सेर लोकांसाठी. राजाचा परवाना घेऊन शत्रूची व्यापारी जहाजं पकडायची, लुटीतला वाटा राजाला द्यायचा. इंग्रजांच्या लेखी हे चाचे, फ्रान्सच्या लेखी वीर. अलिबागच्या अंगणात खेळलेल्या मला हे वाचताना कान्होजी आंग्रे आठवल्याशिवाय कसे राहतील? मराठी राज्याचे सरखेल, किनाऱ्यावर दस्तक देणारे, आणि मुंबईच्या इंग्रजांच्या कागदोपत्री मात्र चाचे. शब्द कोण लिहितो त्यावर माणसाची जात ठरते. तटावर रोबेर सुर्कुफ या कोर्सेरचा पुतळा समुद्राकडे बोट दाखवत उभा आहे. याने ऑक्टोबर १८०० मध्ये बंगालच्या उपसागरात, हुगळीच्या तोंडाबाहेर, आपल्यापेक्षा कितीतरी मोठं 'केंट' हे ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज चढाई करून घेतलं होतं. शौर्य निर्विवाद. पण याच माणसाने गुलामांचाही व्यापार केला, आणि पुतळ्यासमोर उभं राहताना ते विसरून चालत नाही.

हिंदुस्तानशी या गावाचं नातं त्याहून जुनं आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी डबघाईला आली तेव्हा सँ-मालोच्या व्यापाऱ्यांनी तिच्याकडून पूर्वेच्या व्यापाराचा हक्क घेतला आणि स्वतःची जहाजं पाँडिचेरीला पाठवली. १७४६ साली इंग्रजांच्या हातून मद्रास काढून घेणारा माहे द ला बुर्दोने याच तटाच्या आत १६९९ मध्ये जन्मला. मद्रासचं काय करायचं यावरून पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर दुप्ले याच्याशी त्याचं बिनसलं, आणि पुढे त्याला पॅरिसला बास्तीयच्या तुरुंगात बसावं लागलं. मिरी, कापड, कॉफी, पेरूची चांदी: तटालगतची श्रीमंत घरं यावर उभी राहिली. त्या घरांच्या तळाला मोठाली तळघरं आहेत. मी एका दाराच्या फटीतून आत पाहिलं; थंड, दमट हवा अंगावर आली.

दुपारचं जेवण गावातल्या एका छोट्या खानावळीत. इथल्या ब्रिटनी प्रांताचा गॅलेत, म्हणजे कुट्टूच्या पिठाचं पातळ, जाळीदार, कडेने कुरकुरीत धिरडं. ते तव्यावर लाकडी फावड्याने पसरताना पाहिलं आणि मला आईचं घावन आठवलं. श्रावण असल्यामुळे मी अंडं-मांस खाणार नव्हते; बाईंनी चीज आणि परतलेल्या अळंब्या घालून, वर खारट लोण्याचा गोळा ठेवून दिलं. इथलं लोणी खारटच असतं, आणि इथली माणसं त्याबद्दल फार अभिमानी आहेत. ह्यांनी सफरचंदाची साय्डर मातीच्या वाडग्यातून घेतली. जेवण चाललं असताना शेजारच्या टेबलावरची दोन मुलं सारखी घड्याळ पाहत होती. दीड वाजता आईने होकार दिला आणि ती धावत सुटली. तटाच्या बाहेर रस्ता उघडला होता.

हा रस्ता पाहायला मी आले होते. सकाळी तटाच्या पायाशी लाटा आपटत होत्या. आता तिथे पिवळ्या वाळूचा विस्तीर्ण मुलूख होता, त्यातून दगडी फरसबंदी वाट बाहेर आली होती, ओली, शेवाळलेली, आणि ती थेट ग्राँ बे बेटापर्यंत गेली होती. सकाळी होडीतून येताना ज्या बेटाला आम्ही डाव्या हाताला ठेवून आलो तिथे आता आम्ही चपला हातात घेऊन चालत होतो. वाळूवर मुलं, म्हाताऱ्या, कुत्रे (आताचे दोरीला बांधलेले), कोळंबीच्या जाळ्या घेऊन खडकांच्या डबक्यांत वाकलेली माणसं. ओहोटीला समुद्राचं अन्न गोळा करणं इथे सर्वांचा हक्क आहे, तरी शिंपल्याचा किती आकार हवा याचे नियम आहेत, आणि मोजपट्टी घेऊन शिंपले परत पाण्यात टाकणारे आजोबा मी पाहिले.

वाटेच्या सुरुवातीला पाटी आहे. तिचा अर्थ असा: पाणी वाटेवर आलं असेल तर परत यायचा प्रयत्न करू नका, बेटावरच थांबा, सहा तासांनी वाट पुन्हा उघडेल. कुंपण नाही, शिट्टी वाजवणारा पहारेकरी नाही. माणसाला पाण्याची वेळ कळते असं हे गाव धरून चालतं. या विश्वासाने मी थक्क झाले.

ग्राँ बेच्या समुद्राकडच्या टोकाला शातोब्रिआंची कबर आहे. फ्रेंच रोमँटिक साहित्याचा हा मोठा लेखक, राजदूत, परराष्ट्रमंत्री, १७६८ साली याच गावात जन्मला. मरणाच्या कितीतरी वर्षं आधी त्याने गावाकडे या खडकावर चार हात जागा मागून ठेवली होती. १८४८ साली तो पॅरिसला वारला आणि त्याला इथे आणलं. साधी ग्रॅनाइटची शिळा, त्यावर ग्रॅनाइटचा क्रूस, आणि नाव नाही. एवढं लिहिणाऱ्या माणसाने शिळेवर एक अक्षर नको म्हटलं. जवळच्या फलकावर मात्र लोकांना सांगितलंय की या लेखकाला फक्त वारा आणि समुद्र ऐकत झोपायचं होतं. मला या जागेचं खरं मर्म दुसरंच वाटतं. त्याने अशी जागा निवडली की तिला भेटायला येणाऱ्याला दिवसातून दोनदाच वाट मिळावी आणि ठरावीक वेळेत परत जावं लागावं. गावात राहून एकांत मिळवण्याची ही युक्ती सँ-मालोच्याच माणसाला सुचू शकते. परत येताना तटाखालची बाँ-सकूरची चौपाटी लागते. तिच्या वाळूत लोकांनी १९३० च्या दशकात पोहण्याचा तलाव बांधला: तीन बाजूंना भिंत, दर भरतीला समुद्र आत येतो, ओहोटीला पाणी मागे राहतं. तोटी नाही, पंप नाही. कडेला डुबकी मारायचा काँक्रीटचा उंच मनोरा. दुपारी तो तलावाच्या कडेला कोरडा उभा होता.

परतताना दुसऱ्या बाजूला फोर नास्योनालवर गेलो. १६८९ साली वोबाँच्या योजनेप्रमाणे खडकावर बांधलेला किल्ला. ओहोटीला चालत जायचं, भरतीला तो बेट होतो. वर झेंडा फडकला की समजायचं, दार उघडं आहे. मी वाळूत मध्येच थांबले आणि ह्यांना म्हटलं, "अहो, कुलाबा." त्यांनी मान हलवली, त्यांच्याही मनात तेच होतं. अलिबागचा कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतला, यापेक्षा नऊ वर्षं आधी. ओहोटीला आपण तिथेही चालत जातो, गुडघाभर पाण्यातून, टांगा मिळाला तर टांग्याने. दोन वेगळ्या समुद्रांवर, एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांनी, एकाच दशकात तोच विचार केला: पाण्याला पहारेकरी नेमायचा. १९४४ मध्ये जर्मनांनी गावातल्या शेकडो पुरुषांना या किल्ल्यात कोंडून ठेवलं होतं आणि तोफगोळ्यांत त्यांतले काही मेले. किल्ल्यावरून त्यांना आपलं गाव जळताना दिसत असेल. पूर्वेकडच्या लांब चौपाटीवर तटासमोर ओकच्या बुंध्यांच्या रांगा वाळूत रोवलेल्या आहेत, सुमारे तीन हजार बुंधे, सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पिढ्यान्‌पिढ्या बदलत आलेले. उधाणाची लाट भिंतीवर येण्याआधी यांच्यात फुटते. मी एका बुंध्याला हात लावला. त्यावर माझ्या डोक्याच्या वर शिंपले चिकटलेले होते.

साडेचारला बस पकडून आम्ही राँस नदीच्या मुखावरच्या धरणाला गेलो. ह्यांना ते पाहायचंच होतं. २६ नोव्हेंबर १९६६ रोजी द गॉल यांनी उद्घाटन केलेलं हे भरतीपासून वीज करणारं जगातलं पहिलं मोठं केंद्र. साडेसातशे मीटर लांबीचा बांध, त्यात पाण्याखाली चोवीस टर्बाइन, प्रत्येकी दहा मेगावॉट, एकूण दोनशे चाळीस. दक्षिण कोरियातलं सिहवा २०११ साली सुरू होईपर्यंत, पंचेचाळीस वर्षं, याहून मोठं जगात नव्हतं. काम असं चालतं: भरतीला दरवाजे उघडून नदीच्या मुखातलं विस्तीर्ण पात्र भरून घ्यायचं, दरवाजे मिटायचे, बाहेरचा समुद्र खाली उतरायची वाट पाहायची, आणि पुरेसा फरक पडला की आतलं पाणी टर्बाइनमधून सोडायचं. टर्बाइन भरतीच्या दिशेनेही चालू शकतात, पंपासारखी उलटीही फिरतात. वीज किती वाजता मिळेल हे पुढल्या शंभर वर्षांसाठी आज सांगता येतं, कारण चंद्र उशीर करत नाही. बांधावरून रस्ता गेला आहे, त्यामुळे सँ-मालो आणि पलीकडचं दिनार एकमेकांच्या हाकेवर आली. आधी मोठा वळसा होता.

पण या धरणाची किंमतही खरी आहे. बांधायला सोपं व्हावं म्हणून तीन वर्षं नदीचं मुख समुद्रापासून पूर्ण तोडलं, आणि आतलं जीवन मोठ्या प्रमाणावर मेलं. नंतर दरवाजे उघडल्यावर पक्षी, मासे, शेवाळ परत यायला साधारण दहा वर्षं लागली. गाळ अजून साठतो, आणि तो काढण्यावरून आजही किनाऱ्यावरच्या गावांत वाद आहेत. ज्या नदीवर मध्ययुगापासून भरतीच्या पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या होत्या, तिथे ही वीज उगवली, हे मला योग्य वाटतं. तरी एका नदीला तीन वर्षं श्वास कोंडायला लावणं आज कुणी करू नये.

बांधावर वाऱ्यात उभे असताना हे अचानक गुजरातच्या किनाऱ्यावरच्या अलंगबद्दल बोलू लागले. खंभातच्या आखातातलं पाणीही असंच दहा मीटरांच्या आसपास चढतं. भावनगरच्या बंदरालाही लॉक आहे. आणि अलंगला १९८३ पासून जुनी जहाजं उधाणाच्या भरतीला पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवतात, पाणी उतरलं की ती वाळूवर राहतात आणि माणसं त्यांना तोडतात. ह्यांनी एक जहाज तसं शेवटच्या प्रवासाला नेलं होतं. "पंचांग पाहून, उधाणाची तिथी पाहून नेलं होतं," ते म्हणाले. "पाणी अर्धा मीटर कमी असतं तर जहाज पुढे गेलं नसतं." इंजिन बंद केल्यावरची शांतता त्यांनी पहिल्यांदाच मला सांगितली. खंभातच्या आखातात भरतीची वीज काढायचे आराखडे आपल्याकडे किती काळ निघत आहेत. तिथे अजून एकही केंद्र उभं राहिलेलं नाही. तेच पाणी, तीच शक्ती, आणि आपण तिचा उपयोग जहाजं मोडायला केला. ते बोलणं मला टोचलं. पुढे बराच वेळ आम्ही त्यावर वाद घातला. खाडीच्या कोळ्यांचं काय, गाळाचं काय, मिठागरांचं काय. वाद घालायला राँसचा बांध ही चांगली जागा आहे, कारण दोन्ही बाजूंचा पुरावा समोरच वाहत असतो.

संध्याकाळी आठ वाजता तटावर परतलो तर गाव बाहेर आलं होतं. लोक भिंतीवर ओळीने बसले होते, खाऊच्या पुड्या घेऊन. ग्राँ बेची वाट गेली होती. दुपारी आम्ही जिथे चपला हातात घेऊन चाललो तिथे, ह्यांच्या अंदाजाने, चार वाव पाणी होतं. किल्ला पुन्हा बेट झाला होता. झेंडा खाली. बुंध्यांच्या रांगांवर लाट फुटली की तुषार थेट भिंतीवरच्या लोकांवर येत आणि सगळे ओरडत. ऑगस्टात इथे सव्वानऊपर्यंत ऊन असतं, त्या तिरप्या उन्हात सगळं पाणी जवळून पाहिलं की हिरवं, लांबून पाहिलं की राखी.

बाँ-सकूरचा तलाव दिसेनासा झाला होता. त्याच्या भिंती, त्याचं पाणी, सगळ्यावर समुद्र होता. फक्त डुबकीचा मनोरा पाण्यातून वर निघाला होता आणि पोरं पोहत जाऊन त्याच्या शिडीला लटकत होती. वीसेक पोरं, मुली, एक केस पिकलेल्या बाई. एकेक जण वरच्या फळीवर जाऊन हात पसरून ओरडत उडी मारत होता. किनाऱ्यावर कुडकुडत टॉवेल घेणाऱ्या एका मुलाला मी विचारलं, उद्या कसं? त्याने दातांच्या कडकडाटातून सांगितलं की उद्याचा आकडा एकशे तीन, पाणी आजच्यापेक्षा वर येईल, मनोऱ्याची खालची फळी बुडेल, तेव्हा उद्याच यायला हवं. पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी खरं उधाण, हे त्या दहा-बारा वर्षांच्या पोराला तोंडपाठ.

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला लॉकमधून निघायचं ठरवलं होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी म्हटलं, "थांबू या आणखी दोन भरत्या." त्यांनी घड्याळ, पाकीट आणि चष्मा माझ्या हातात दिला, सदरा काढला, आणि ते पोरांच्या मागे पाण्यात शिरले.